सहा महिन्यांचा करार, बारा महिन्यांची शेपटी: बेळगावातील एका घरविक्रीचे प्रकरण

हे प्रकरण बेळगाव शहरातील एका घराचे आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत, घराच्या खुणा आणि काही तारखा बदलल्या आहेत. कायदा, कागदपत्रे आणि हिशेबाची पद्धत मात्र जशीच्या तशी आहे.

पार्श्वभूमी

भाग्यनगर भागात ३० बाय ५० फुटांचा प्लॉट, म्हणजे १५०० चौरस फूट. इकडच्या बोलीत एक गुंठा सहा आणे. त्यावर तळमजल्याचे आरसीसी घर आणि वर पत्र्याची खोली. वडिलांनी १९८४ साली घेतलेले. वडील २०२१ मध्ये गेले, आई २०२३ मध्ये. मृत्युपत्र नव्हते. त्यामुळे तीन वारस आणि तिघांचा सारखा हिस्सा: थोरली बहीण खानापुरात, मधला भाऊ पुण्यात, धाकटा हिंडलग्यात. धाकटा उद्यमबागेत नोकरीला होता, किल्ली त्याच्याकडे होती, म्हणून "तूच बघ सगळं" असे बाकीच्या दोघांनी व्हॉट्सअॅपवर कळवून टाकले. हे वाक्य पुढे वकिलाच्या टेबलावर आले.

घर बंद होते, पण घरपट्टी वडिलांच्याच नावावर नियमित भरली जात होती. महापालिकेतला खाता (मिळकतीची मालकी-कर नोंद) वडिलांच्या नावावर, सिटी सर्व्हेचा सीटीएस उतारा वडिलांच्या नावावर. "गिऱ्हाईक ठरलं की नावं चढवू, त्याला काय लागतंय" असा घरातला सूर होता. या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक हीच ठरली. एजंटच्या करारापेक्षाही महाग.

पहिला प्रयत्न: पाच एजंट, तीन दर

ऑगस्ट २०२४ मध्ये धाकट्याने ओळखीच्या पाच एजंटांना तोंडी सांगितले. कुणाशीच लेखी काही नव्हते. दलाली "रिवाजाप्रमाणे दोन टक्के", आणि रिवाजाप्रमाणे एजंट खरेदीदाराकडूनही तेवढीच घेणार. यात वावगे काही नाही, बहुतेक व्यवहार असेच होतात. फक्त पाच जणांनी पाच ठिकाणी घर दाखवले आणि दर मात्र एक राहिला नाही. एकाने १ कोटी १५ लाख सांगितले, दुसऱ्याने १ कोटी ५, तिसऱ्याने "९५ ला उठवून देतो". एकच खरेदीदार दोन एजंटांकडून एकाच आठवड्यात घर बघून गेला. त्याला दहा लाखांचा फरक दिसला, आणि मालक अडचणीत आहेत असा त्याने सरळ अर्थ काढला. जानेवारीपर्यंत एकही ठोस मागणी आली नाही.

समोरचे पर्याय

जानेवारी २०२५ मध्ये तिघे भावंडे एकत्र बसली तेव्हा चार वाटा होत्या.

पहिली, आहे तसे चालू ठेवणे. त्याचे फळ दिसलेच होते.

दुसरी वाट एका एजंटने सुचवली: "ताई, ८२ लाख तुमच्या हातात, वरचं काय मिळेल ते आमचं." असा 'हातात' पद्धतीचा सौदा बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडे सर्रास होतो आणि ऐकायला सोपा वाटतो. त्यात एजंटचे हित मालकाच्या हिताच्या उलट दिशेला जाते. खरा भाव किती, हे मालकाला कळू न देण्यातच त्याचा फायदा. शिवाय खरेदीखतात पूर्ण किंमत लिहिली तर ८२ च्या वरची रक्कमही मालकाच्याच उत्पन्नात धरली जाते, आणि कमी लिहिली तर काळा पैसा होतो. थोरल्या बहिणीने हे तिथल्या तिथे नाकारले. बरोबर केले.

तिसरी वाट, स्वतः पाटी लावून विकणे. तिघांपैकी एकच गावात, तोही शिफ्टमध्ये. रविवार सोडला तर घर दाखवायला कुणी नाही.

चौथी, एकाच एजंटला ठराविक मुदतीसाठी लेखी, एकहाती काम देणे. एक दर, एक किल्ली, एक जबाबदार माणूस. तिघांनी ही निवडली. निवड चांगली होती. कागद न वाचता सही केली, चूक तिथे झाली.

सही झालेला कागद

३ फेब्रुवारी २०२५ ला धाकट्याने एकट्याने सही केली. दोन पानी छापील फॉर्म, एका बाजूला इंग्रजी, मागे कन्नड. घरातल्या तिघांचेही शिक्षण मराठी शाळेत झालेले. एजंट मराठीतच बोलत होता: "दोन टक्के, सहा महिने. बाकी नुसतं फॉरमॅट आहे ओ ते, सगळेच करतात सही." आपल्या भागात हे रोज घडते. बोलणे मराठीत, कागद दुसऱ्या भाषेत, आणि दोन्हींत फरक असला तर टिकतो तो कागद.

'नुसत्या फॉरमॅट'मध्ये काय होते ते एकेक पाहू.

मुदत सहा महिने, २ ऑगस्ट २०२५ पर्यंत. मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर करार आपोआप आणखी सहा महिने वाढणार.

मुदतीत घर कोणत्याही मार्गाने विकले गेले, अगदी मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणले, तरी दलाली देय. एकहाती करारात दोन प्रकार असतात. एकात दुसऱ्या एजंटला बंदी असते पण मालक स्वतः विकू शकतो. दुसऱ्यात मालकाने स्वतः विकले तरी दलाली लागते. हा दुसरा, कडक प्रकार होता. तोंडी बोलताना हा फरक कुणीच काढला नाही.

दलाली कधी द्यायची? कागदावर होते, "इसार होताच किंवा खरेदीदाराची ओळख करून देताच, जे आधी होईल तेव्हा". भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१९ प्रमाणे वेगळे काही ठरले नसेल तर एजंटचा मेहनताना काम पुरे झाल्यावर देय होतो. इथे वेगळे ठरले होते, आणि तेही सही करून.

करार संपल्यावर बारा महिन्यांच्या आत "एजंटच्या प्रयत्नातून आलेल्या" कुणालाही घर विकले तर पूर्ण दलाली. व्यवसायात याला शेपटीचे कलम म्हणता येईल. एजंटच्या दृष्टीने ते रास्त आहे, कारण नाहीतर मालक मुदत संपेपर्यंत थांबून त्यानेच आणलेल्या गिऱ्हाइकाला परस्पर विकेल. पण इथे नावांची यादी द्यायचे बंधन नव्हते. कोण प्रयत्नातून आले आणि कोण नाही, हे एजंटच ठरवणार.

जाहिरातीसाठी २५,००० रुपये आगाऊ, परत न मिळणारे. दलालीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. कागदावर जीएसटी नंबर मात्र कुठेच नव्हता.

फॉर्मच्या माथ्यावर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) नोंदणी क्रमांक ठळक छापला होता आणि त्यावर भावंडांचा विश्वास बसला. क्रमांक खरा होता. पण रेरा अधिनियम, २०१६ च्या कलम ९ प्रमाणे एजंटची नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातील प्लॉट, फ्लॅट किंवा इमारत विकून देण्यासाठी. चाळीस वर्षांपूर्वीच्या वैयक्तिक घराच्या पुनर्विक्रीला ती लागत नाही, आणि तशा व्यवहारातल्या दलालीच्या वादात रेरा प्राधिकरणाचा आधारही धरता येत नाही. नोंदणीमुळे माणूस कोण, पत्ता काय हे पक्के होते, एवढाच उपयोग. सीमाभागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या रेराचा, नंबर कर्नाटकातल्या प्रकल्पाला चालत नाही. चंदगड किंवा कोल्हापूरच्या एजंटने बेळगावच्या लेआउटमधले प्लॉट विकायचे तर त्याला कर्नाटक रेराची नोंदणी हवी.

कुठे अडकले

एजंटने काम केले, हे आधी म्हटले पाहिजे. कंपाउंडवर पाटी लावली, चांगले फोटो काढले, तीन ऑनलाइन साइटवर जाहिरात टाकली. दर एकच सांगितला, १ कोटी ५ लाख. चार महिन्यांत अकरा जणांना घर दाखवले. जूनमध्ये ८८ लाखांची मागणी आणली, खरेदीदार बँकेचे कर्ज घेणार होता.

तो सौदा बँकेत मोडला. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यभर शहरी मिळकतीच्या नोंदणीला ई-खाता, म्हणजे खात्याचा ऑनलाइन उतारा, सक्तीचा झाला आहे. ई-खाता नाही तर उपनिबंधक कार्यालयात कावेरी ही नोंदणीची ऑनलाइन प्रणाली पुढे सरकत नाही. इथे साधा खाताच दिवंगत वडिलांच्या नावावर. बँकेच्या वकिलाने वंशवृक्ष दाखला, तिन्ही वारसांच्या नावे ई-खाता आणि मागच्या व्यवहारांचा ईसी (मिळकतीवरील नोंदणीकृत व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) मागितला. शिवाय मूळ हक्काच्या साखळीत, हा प्लॉट ज्या शेतजमिनीतून पडला तिचे १९५४ चे, म्हणजे मुंबई राज्याच्या काळातले, मराठी खरेदीखत होते. त्याचे प्रमाणित भाषांतर हवे म्हणून बँकेच्या बेंगळुरूच्या कार्यालयाने फाइल परत पाठवली. खरेदीदार तीन आठवडे थांबला आणि दुसरीकडे गेला.

कागद कुणी तयार करायचे? करारात एक शब्द नव्हता. एजंट म्हणाला, ते मालकाचे काम. मालकांना वाटत होते, दोन टक्के घेतो म्हणजे तो बघेल. एजंटची मेहनत वाया गेली आणि मालकांचे चार महिने. दोष दोघांचा होता, पण मोठा वाटा मालकांचा. मेलेल्या माणसाच्या नावावरचे घर बाजारात आणायचेच कशाला?

शेजारी, आणि हुकलेला ३ जुलै

१० जुलैला मागच्या घरातील शेजाऱ्याने धाकट्याला चहाला बोलावले. मुलाचे लग्न ठरले होते, लागून घर मिळाले तर बरे. त्याने ९६ लाख सांगितले. त्यातले ४० लाख कर्ज, बाकी पैसे हातात. शिवाय कागद तयार होईपर्यंत थांबायला तयार. शेजारी असल्यामुळे घर, भिंती, पाणी, वहिवाट सगळे त्याला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या भावाने पहिल्यांदा करार नीट वाचला. नोटिशीची शेवटची तारीख ३ जुलै होती. आठ दिवसांनी हुकली होती. करार आता २ फेब्रुवारी २०२६ पर्यंत वाढणार आणि शेपटी २०२७ पर्यंत जाणार. एजंटला कुणकुण लागली आणि त्याने फोनवर हिशेब सांगितला: ९६ लाखांचे दोन टक्के १,९२,००० आणि त्यावर जीएसटी ३४,५६०. एकूण २,२६,५६०.

निर्णयाची जागा

भावंडे बेळगावातल्या एका दिवाणी वकिलाकडे गेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सहीचा: सही एकाची, मालक तीन. मग करार बाकी दोघांना बांधतो का? कागदावर सही नाही म्हणून सुटका, असे सरळ नाही. करार अधिनियमाच्या कलम १८७ प्रमाणे अधिकार परिस्थितीवरूनही दिला गेला असे धरता येते, आणि "तूच बघ सगळं" हा निरोप नेमका तसा पुरावा. तो पुसून टाकावा का, असे मधल्याने विचारले. वकिलाने साफ नकार दिला.

गुपचूप विकावे का? शेजाऱ्याला परस्पर विकून एजंटला कळू द्यायचे नाही, हा मोह तिघांनाही झाला. पण खरेदीखत ही सार्वजनिक नोंद आहे. कावेरीवर मिळकतीचा ईसी काढला की व्यवहार दिसतो. पाटी लावणारा एजंट सहा महिन्यांनी ईसी काढून बघणार नाही, असे धरून चालणे धोक्याचे.

करार मोडून टाकावा का? एजन्सी रद्द करण्याचा मालकाला अधिकार आहे, पण मुदतीची एजन्सी पुरेशा कारणाशिवाय आधीच मोडली तर कलम २०५ प्रमाणे भरपाई द्यावी लागते. पुरेसे कारण दाखवता येईल का, याचे उत्तर एजंटने काय केले आणि काय दडवले यावर अवलंबून. म्हणून वकिलाने पहिले पाऊल सुचवले ते भांडणाचे नव्हते: एजंटला पत्र लिहून आतापर्यंत घर दाखवलेल्यांची नावे, तारखा आणि प्रत्येकाने सांगितलेली किंमत मागायची. मालकाने मागितल्यावर योग्य हिशेब देणे हे एजंटवर कलम २१३ चे बंधन आहे.

यादी आली आणि प्रकरण तिथे वळले. अकरा नावे. सातव्या नावासमोर एप्रिल महिना आणि ९० लाख. ही मागणी मालकांना कधी कळवलीच नव्हती. त्या माणसाला फोन केल्यावर कारण कळले: त्याने खरेदीदाराच्या बाजूची दोन टक्के दलाली द्यायला नकार दिला होता. जूनच्या ८८ लाखांच्या खरेदीदाराने ती कबूल केली होती. म्हणजे मालकासमोर कमी किंमत आली, कारण तीत एजंटला दोन्हीकडून मिळणार होते. दोन्ही बाजूंकडून दलाली घेणे हा आपल्याकडचा रिवाज आहे, मान्य. पण मालकापासून मागणी लपवणे हा रिवाज नाही. एजन्सीच्या कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटला त्या भागाचा मेहनताना मागता येत नाही, असे कलम २२० सांगते.

आता तीन मार्ग उरले. कोर्टात जाऊन काहीच न देण्याचा आग्रह धरायचा. पूर्ण २,२६,५६० देऊन मोकळे व्हायचे. किंवा बसून तोडगा काढायचा. पहिल्यात शेजाऱ्याने थांबण्याची खात्री नव्हती, आणि वादाचे कागद दिसले की त्याची बँक बिचकणार. दुसऱ्यात एप्रिलच्या मागणीवर पांघरूण पडणार. तिघांनी तिसरा मार्ग घेतला. हातातला पुरावा बघता थोडे आणखी ताणता आले असते, असे वाटते. पण शेजाऱ्याची तयारी ही नाशवंत गोष्ट होती, आणि ती त्यांनी जपली.

काय केले

१८ जुलैला करारसमाप्तीचे एक पान तयार झाले, डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी. वाद झाल्यास मराठी मजकूर प्रमाण, असे शेवटी. तिन्ही मालक, एजंट आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या. त्यात ठरले ते असे: शेजाऱ्याशी होणाऱ्या व्यवहारावर प्रत्यक्ष किमतीच्या एक टक्का दलाली, ती खरेदीखत नोंदवले जाईल त्याच दिवशी. आगाऊ दिलेले २५,००० त्यातून वजा. जीएसटी नाही. नोंदणी नसलेल्याला जीएसटी गोळा करता येत नाही, आणि नंबर मागितल्यावर एजंटने तो आकडा स्वतःच सोडला. आपोआप वाढ रद्द. शेजाऱ्याचा व्यवहार फिसकटला तर अकरा नावांपुरती तीन महिने शेपटी, नावे पत्रालाच जोडलेली. किल्ली, झेरॉक्सचा संच आणि घरपट्टीची मूळ पावती परत. पाटी त्याच दिवशी, ऑनलाइन जाहिराती सात दिवसांत काढायच्या.

२० जुलैला शेजाऱ्याशी संचकारपत्र (इसाराचा करार) झाले. ५ लाख, सगळे बँकेतून. शेजाऱ्याला लाखभर रोख द्यायचे होते, शुभ म्हणून. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शेवटी १०१ रुपये पाकिटात ठेवून शुभ केले.

मग कागद. मृत्युदाखले, नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) वंशवृक्ष दाखला, घरपट्टीची चालू वर्षाची पावती, १९८४ चे खरेदीखत, तिघांची आधार कार्डे, घराचा फोटो हे सगळे जोडून महापालिकेत वारसा नोंद आणि ई-खाता, त्यासोबत सिटी सर्व्हेत सीटीएसवर नावे. १९५४ च्या खताचे भाषांतर. मराठीतल्या 'कुळ', 'वहिवाट', 'चतुःसीमा' या शब्दांचे इंग्रजी एकदा चुकले आणि भाषांतर परत करून घ्यावे लागले. थोरल्या बहिणीच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. दोन्ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र लागले आणि त्यात दहा दिवस गेले. बहिणीची सही लागणाऱ्या प्रत्येक घराने ही गोष्ट आधीच तपासावी.

ई-खाता सप्टेंबरच्या मध्यावर हातात आला. दरम्यान ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकात नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्के झाले होते. मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि त्यावरचे उपकर-अधिभार धरून शहरात ५.६ टक्के. म्हणजे एकूण खर्च ६.६ वरून ७.६ टक्क्यांवर गेला. ९६ लाखांवर ९६,००० चा फरक. शेजारी म्हणाला, कागद वेळेत असते तर ऑगस्टमध्येच खत झाले असते. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मालकांनी ५०,००० सोडले आणि किंमत ९५,५०,००० ठरली.

निष्पत्ती आणि हिशेब

खरेदीखत २५ सप्टेंबरला नोंदवले. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने शेजाऱ्याने एक टक्का टीडीएस कापला, ९५,५००. विक्रेते तीन असल्यामुळे हा टीडीएस भरण्याचा फॉर्म २६क्यूबी तीन वेळा, प्रत्येकाच्या पॅनवर सुमारे ३१,८३३. हा फॉर्म एकाच्याच नावावर भरण्याची चूक नेहमी होते आणि मग बाकी दोघांना ती रक्कम त्यांच्या विवरणपत्रात दिसत नाही.

एजंटला एक टक्का म्हणजे ९५,५००, वजा २५,०००, हातात ७०,५००. चेकने, पावती घेऊन. पावतीवर तिघांची नावे. दलाली हा विक्रीचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून वजा होतो, पण पावती असेल तरच. नफ्यावरचा कर १२.५ टक्के महागाई निर्देशांकाशिवाय की २० टक्के निर्देशांकासह, हे दोन्ही मांडून सीएने पाहिले. निवासी व्यक्तीला २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी हा पर्याय आहे.

ऑनलाइन जाहिराती सात दिवसांत निघाल्या नाहीत. धाकट्याला नोव्हेंबरपर्यंत "घर आहे का अजून?" असे फोन येत राहिले. शेवटी त्याने त्या साइटवर स्वतः तक्रार नोंदवून त्या काढून घेतल्या.

काय वेगळे करता आले असते

क्रम उलटा हवा होता. आधी वारसा नोंद, ई-खाता, सीटीएस, ईसी आणि जुन्या खतांची भाषांतरे, मग एजंट. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील मिळकत असेल, उचगावसारखी, तर ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायतीच्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे) फॉर्म ९ आणि ११ आधी पाहावेत. ११ अ (रीतसर मंजुरीची मिळकत) आहे की ११ ब (इतर मिळकत), यावर बँक कर्ज देणार की नाही ते पुष्कळदा ठरते, आणि म्हणून भावही.

काम एकाच एजंटला एकहाती द्यावेच. पाच तोंडी एजंटांपेक्षा एक लेखी एजंट चांगला, हे या प्रकरणात दोन्ही बाजूंनी दिसले. मुदत मात्र ९० दिवस पुरे. आपोआप वाढीचे कलम दिसले की ते खोडून बाजूला दोघांनी सही करावी. छापील फॉर्मवर खोडता येत नाही असे कुणी म्हणाले तर तो फॉर्म त्यालाच परत द्यावा.

दलालीचे कलम या शब्दांत लिहून घेता येते: "दलाली विक्री किमतीच्या दोन टक्के. ती खरेदीखत उपनिबंधक कार्यालयात नोंदवले जाईल त्या दिवशी देय होईल. व्यवहार कोणत्याही कारणाने पूर्ण झाला नाही तर दलाली देय होणार नाही." एजंट कधी कधी शेवटच्या वाक्याला हरकत घेतो, कारण मालकानेच ऐनवेळी माघार घेतली तर त्याचे काय? हरकत योग्य आहे. तेवढ्यापुरती प्रत्यक्ष खर्चाची ठराविक रक्कम मान्य करावी, टक्केवारी नाही.

मालकाच्या ओळखीचे लोक सही करतानाच वगळावेत: "सोबतच्या यादीतील व्यक्तींना विक्री झाल्यास दलाली लागणार नाही." शेजाऱ्याने वडिलांच्या हयातीतही एकदा या घराबद्दल विचारले होते. हे घरात सगळ्यांना माहीत होते. फेब्रुवारीत त्याचे नाव त्या यादीत लिहिले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

शेपटी ६० दिवसांची, आणि मुदत संपल्यावर सात दिवसांत एजंटने लेखी दिलेल्या नावांपुरतीच. आलेली प्रत्येक मागणी, कमी असली तरी, २४ तासांत तिन्ही मालकांना लेखी कळवायची. खरेदीदाराकडूनही दलाली घेणार असेल तर ते आधी सांगायचे. दोन राज्यांतले एजंट एकाच सौद्यात आले, गोवा किंवा चंदगडकडच्या गिऱ्हाइकात असे होतेच, तर त्यांनी आपसात वाटून घ्यायचे. मालक एकदाच देणार. सह्या सगळ्या मालकांच्या, आणि एजंटला विक्रीचे मुखत्यारपत्र कधीही नाही. घर दाखवण्यासाठी मुखत्यारपत्र लागत नाही.

आणि कागद मराठीत. खरेदीखताची भाषा कोणतीही असली तरी एजंटशी होणारा करार हा दोन खाजगी माणसांमधला कागद आहे, तो मराठीत करायला काही आडकाठी नाही.

डिसेंबरमध्ये मधल्या भावाने उचगावातला आपला प्लॉट विकायला काढला. त्याने तोच एजंट नेमला. बाजार त्याला माहीत आहे आणि काम तो करतो, हे सगळ्यांनी मान्य केले होते. या वेळी करार मराठीत, ९० दिवसांचा, वगळलेल्या चार नावांसह. फॉर्म ९ आणि ११ अ आधीच फाइलला लावलेले. पंधराव्या दिवशी एजंटचा पहिला निरोप तिन्ही भावंडांच्या ग्रुपवर आला: दोन नावे, दोन तारखा, आणि एका नावासमोर मागणीचा आकडा. आकडा अपेक्षेपेक्षा कमी होता, पण कळवलेला होता.